खंदकातला रेझर

ऑक्टोबर १९१६ पर्यंत ब्रिटिश सैनिकाला मिशी काढायची मुभा नव्हती. ‘किंग्ज रेग्युलेशन्स’ या सैनिकी नियमावलीनुसार हनुवटी आणि खालच्या ओठाचा भाग स्वच्छ हवा, पण वरच्या ओठाला वस्तरा लागता कामा नये. पहिल्या महायुद्धाची दोन वर्षं चिखलात आणि उंदरांच्या सोबतीत काढल्यावरही हा नियम चालू होता. शेवटी जनरल सर नेव्हिल मॅक्रेडी यांनी तो रद्द केला. मॅक्रेडींना स्वतःलाही मिशी आवडत नव्हती आणि नियम उठताच त्यांनी ती काढून टाकली.

नियमाचा उरलेला भाग मात्र तसाच राहिला. हनुवटी रोज गुळगुळीत हवीच होती. खंदकात पिण्याच्या पाण्याची मारामार, तरी चहाच्या उरलेल्या गाळात ब्रश बुडवून सैनिक दाढी करत. एरवी दोन दिवस दाढी वाढली म्हणून कोणाचं बिघडत नाही, पण सैन्यात ती वाढलेली दिसली की शिक्षा होई. शिस्त हे पहिलं कारण. दुसरं कारण उवांचं. हजारो माणसं आठवडेच्या आठवडे एकाच कपड्यात राहिली की अंगावर केस कमी असलेलेच बरे, असं लष्करी डॉक्टरांचं मत होतं. तिसरं कारण सगळ्यात जास्त सांगितलं जातं, ते विषारी वायूचं. दाढीमुळे मुखवटा चेहऱ्याला नीट चिकटत नाही, म्हणून जगभरच्या पुरुषांनी दाढ्या काढल्या, अशी ही गोष्ट आहे.

ती अर्धीच खरी आहे. ब्रिटिश आणि नंतर अमेरिकन सैनिक वापरत त्या मुखवट्यात नाकाला आतून चिमटा लावायचा असे आणि तोंडात रबरी नळी धरायची असे. श्वास त्या नळीतूनच चाले. मुखवट्याचं कापड चेहऱ्याला चिकटून हवं होतं ते मुख्यतः डोळे वाचवण्यासाठी. त्याआधीचे मुखवटे तर औषधात भिजवलेल्या कापडी पिशव्या होत्या. त्या डोक्यावरून ओढून गळ्यापाशी खोचल्या की झालं, आत दाढी असली काय नि नसली काय. एप्रिल १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्र इथे क्लोरीन वायूचा मोठा हल्ला झाला. पाठोपाठ त्याच रणांगणावर भारतीय सैन्याची लाहोर डिव्हिजन उतरली, त्यात शीख सैनिक होते. दोन्ही महायुद्धांत त्यांनी दाढी राखूनच लढाया केल्या. वायूमुळे दाढी काढण्याला जोर मिळाला हे खरं, पण तेवढ्या एका कारणाने सगळं घडलं असं म्हणणं मला पटत नाही.

खरा बदल दाढी कोण करतं, यात झाला. त्या काळापर्यंत जगातल्या बहुतेक पुरुषांची दाढी दुसरंच कोणीतरी करत असे, तीही आठवड्यातून एक-दोनदा. सरळ वस्तरा स्वतःच्या गळ्यावर चालवायला सराव लागतो. त्याला दगडावर धार काढायची, चामडी पट्ट्यावर फिरवून ती टिकवायची, हाही वेगळा हुन्नर. भारतीय पलटणींत तर त्यासाठी माणसं नेमलेली असत. धोबी, भिस्ती, स्वयंपाकी यांच्याबरोबर नाभिकही पलटणीच्या नोकरवर्गात असे आणि पलटण जिथे जाईल तिथे तोही जाई. डिसेंबर १९१५ मध्ये मेसोपोटेमियात कूतला ६वी पुणे डिव्हिजन वेढ्यात अडकली. तिच्यातल्या मराठा पलटणींबरोबर हा नोकरवर्गही आत होता. एप्रिल १९१६ मध्ये शरणागती पत्करावी लागली तोवर या माणसांनीही सैनिकांइतकीच उपासमार सोसली. युद्धाच्या इतिहासात त्यांची नावं फारशी येत नाहीत. दाढीच्या इतिहासात तरी ती जागा मोकळी राहू नये.

पश्चिम आघाडीवर मात्र ज्याची त्याची दाढी ज्याच्या त्याच्या हातात आली, आणि ते शक्य झालं एका छोट्या यंत्रामुळे.

किंग कँप जिलेट हा फिरता विक्रेता. बाटल्यांची दातेरी पत्र्याची बुचं बनवणाऱ्या क्राउन कॉर्क अँड सील कंपनीत तो नोकरीला होता. त्या बुचाचा जनक विल्यम पेंटर याने त्याला सल्ला दिला की एकदा वापरून फेकून द्यावं लागेल असं काहीतरी शोध, म्हणजे गिऱ्हाईक परत परत येईल. १८९५ मध्ये दाढी करताना जिलेटला कल्पना सुचली. वस्तऱ्यात कामाची असते ती फक्त धार; मग पोलादाची एवढी जाड पाठ कशाला? पातळ पत्र्याच्या दोन्ही कडांना धार लावावी, ती बोथट झाली की पत्रा फेकून द्यावा.

सुरक्षित रेझर त्याच्याआधीही होते. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या ज्याँ-ज्याक पेरे याने वस्तऱ्याला लाकडी संरक्षक पट्टी लावून पाहिली होती. १८८० मध्ये न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी ‘स्टार’ नावाचा रेझर आणला. पण त्यांच्या रेझरमध्ये वस्तऱ्याचाच आखूड तुकडा बसवलेला असे आणि त्याला पुन्हा पुन्हा धार लावावी लागे. जिलेटला तेच टाळायचं होतं. अडचण पोलादाची होती. पातळ पत्रा कडक करण्यासाठी तापवून एकदम थंड केला की तो वेडावाकडा होतो, आणि कडक केला नाही तर धार टिकत नाही. जाणत्या धातुतज्ज्ञांनी त्याला सांगितलं की हे होणार नाही. जिलेट तंत्रज्ञ नव्हता, म्हणून हरला नाही. तंत्रज्ञान शिकलो असतो तर तेव्हाच सोडून दिलं असतं, असं त्याने पुढे कबूल केलं. सहा वर्षांनी त्याला विल्यम एमरी निकरसन हा माणूस भेटला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकलेल्या निकरसनने पातळ पात्यांना कडक करण्याची आणि धार लावण्याची यंत्रं तयार केली. रेझरवर नाव जिलेटचं आलं, पण पातं जन्माला घातलं ते निकरसनने, असं मी मानतो.

१९०३ मध्ये विक्री सुरू झाली. त्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. नोव्हेंबर १९०४ मध्ये पेटंट मिळालं. किंमत ५ डॉलर होती. सामान्य कामगाराच्या आठवड्याच्या पगाराचा मोठा हिस्सा त्यात जाई, त्यामुळे रेझर ही काही स्वस्तातली वस्तू नव्हती. मूठ फुकट वाटायची आणि पात्यांवर पैसा कमवायचा ही युक्ती जिलेटने शोधली, असं व्यवस्थापनाच्या वर्गात अजून शिकवतात. शिकागो विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक रँडल पिकर यांनी जुन्या किमती तपासून दाखवलं की पेटंट होतं तोवर जिलेटने मूठ महागच विकली. ती एक डॉलरवर आली १९२१ मध्ये, पेटंट संपत असताना.

लाखो तरुणांना मात्र हा रेझर खरोखरच फुकट मिळाला. तो दिला अमेरिकेच्या सरकारने.

अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये युद्धात उतरली. पुढच्या वर्षी सैनिकांच्या सामानात दाढीचा संच देण्याचं ठरलं. १९१८ या एका वर्षात जिलेटचे सुमारे ३५ लाख रेझर आणि तीन कोटींहून जास्त पाती विकली गेली. जेम, एव्हर-रेडी, डरॅम डुप्लेक्स या कंपन्यांनीही सैनिकांसाठी संच काढले, पण या आकड्यांच्या जवळपास कोणी पोचलं नाही. यात महत्त्वाचं असं की शेतावरून, खाणीतून आलेल्या विशी-बाविशीच्या मुलांनी रोज स्वतःची दाढी करायची सवय त्या दोन वर्षांत लावून घेतली. युद्ध संपल्यावर रेझर त्यांच्याबरोबर घरी आला. मग पाती विकत घेणं आलंच.

संग्राहकाच्या हाती आज येतात ते हेच संच. त्यातला ‘खाकी सेट’ मला सगळ्यात जवळचा वाटतो. खाकी कापडाची आटोपशीर घडी, तिच्यात रेझर, पात्यांच्या चपट्या डब्या, आणि आरसा. आरसा काचेचा नाही, चकचकीत घासलेल्या पोलादाचा आहे. खंदकात काच टिकत नाही, हे कोणीतरी विचारपूर्वक ठरवलेलं आहे. अशा आरशावर शंभर वर्षांनी बारीक चरे आणि गंजाचे ठिपके असतात. तो घासून चकचकीत करण्याचा मोह आवरावा. ते चरे एका माणसाच्या सामानात इतर वस्तूंशी घासून पडलेले असतात आणि एकदा गेले की परत येत नाहीत.

रेझरची रचना तीन तुकड्यांची. वर बाकदार टोप, मधे दातेरी कंगवा, खाली मूठ. टोपाच्या पोटातून निघालेला आट्यांचा दांडा आणि खुंट्या पात्याच्या भोकांतून आणि कंगव्यातून खाली जातात आणि मूठ फिरवली की तिन्ही घट्ट बसतात. घट्ट बसताना पातं टोपाच्या बाकाप्रमाणे वाकतं, आणि यात सगळी गोम आहे. पत्त्यांच्या डावातलं पान हातात किंचित वाकवून धरलं की ताठ उभं राहतं. तसंच कागदासारखं लवचीक पातं वाकवलं की कडक होतं. म्हणून जाड पाठीची गरजच उरली नाही. मूठ थोडी सैल केली की धार जरा जास्त बाहेर येते, पूर्ण आवळली की आत जाते. जिलेटच्या मूळ सूचनांतही दाढी दाट असेल तर असं करायला सांगितलेलं होतं.

घेण्याआधी तपासायच्या जागा ठरलेल्या आहेत. आधी कंगव्याचे दात. रेझर एकदा जरी फरशीवर पडला असेल तर टोकाचा एखादा दात वाकलेला असतो, आणि वाकलेला दात म्हणजे गालावर ओरखडा. सपाट काचेवर कंगवा ठेवून डोळ्यांच्या रेषेत पाहिलं की तो लगेच दिसतो. पुढे मुठीची नळी. त्या काळच्या मुठीला शेवटी गोळा असे आणि वरच्या पोकळ नळीला उभी चीर जाणं हा तिचा नेहमीचा आजार. अशी मूठ शोभेला ठीक, वापरायला नको. त्यानंतर मुलामा. निकेलचा किंवा चांदीचा मुलामा झिजून खालचं पितळ उघडं पडलेलं असतं, विशेषतः जिथे बोटं धरतात तिथे. बरेच जण अशा रेझरवर नवा मुलामा चढवून घेतात. मी तसं करत नाही, कारण पितळ कुठे उघडं पडलं आहे यावरून तो रेझर धरणारा हात कळतो.

काळ ठरवायला अनुक्रमांक उपयोगी पडतो. अमेरिकेत बनलेल्या जुन्या जिलेट रेझरवर नंबर कोरलेला असे. आधी नुसते आकडे, पुढे आकड्यांबरोबर एक अक्षर. ही पद्धत साधारण १९३० पर्यंत चालली. त्यानंतर वर्षाची खूण सांगणारी अक्षरं येतात ती थेट १९५० च्या सुमारास. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या रेझरवर ना नंबर, ना वर्ष. तिथे घडण, धातू आणि डबी यांवरूनच अंदाज बांधावा लागतो. विक्रेता ‘१९४३ चा आहे’ असं ठाम सांगत असेल तर त्याला पुरावा विचारावा.

डबीवर कोणी नाव, पलटण किंवा सैनिक क्रमांक खरवडला असेल तर किंमत वाढते. तिथे संग्राहकाची जबाबदारीही वाढते. नाव आणि क्रमांक असला की माणूस शोधता येतो. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश आणि भारतीय मृत सैनिकांची नोंद राष्ट्रकुल युद्धस्मृती आयोगाकडे आहे आणि ती कोणालाही पाहता येते. डबीवरचं नाव त्या यादीत निघालं तर ती वस्तू पुन्हा बाजारात ढकलण्याआधी त्या घराला कळवावं. हा माझा आग्रह आहे, आणि तो मी मागे घेणार नाही.

दुसऱ्या महायुद्धातल्या रेझरची कहाणी टंचाईची आहे. १९३८ मध्ये जिलेटने ‘टेक’ नावाचा रेझर आणला. तो तीनच तुकड्यांचा, पण कंगव्याच्या दातांऐवजी सलग पट्टी. ही पट्टी पात्याच्या पुढची त्वचा ताणून धरते आणि दाढी सोपी होते. युद्ध सुरू झालं तेव्हा या रेझरचं पितळ काडतुसांना हवं होतं. धातूंवर सगळीकडेच ताण होता. आपल्याकडेही १९४३ मध्ये मधे भोक असलेला पैसा निघाला तो तांब्याची बचत करण्यासाठी, आणि अमेरिकेत त्याच वर्षी एक सेंटचं नाणं जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं पाडलं गेलं. रेझरचंही तेच झालं. मुठी पोलादाच्या झाल्या, प्लास्टिकच्या झाल्या, मुलामा पातळ झाला. ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत बेकलाइटचे रेझर निघाले, काळे, तपकिरी, क्वचित लालसर, वजनाला अगदी हलके. १९०७ मध्ये लिओ बेकलँडने शोधलेलं हे प्लास्टिक एकदा साच्यात घट्ट झालं की उष्णतेने वितळत नाही, पण ठिसूळ असतं. म्हणून बेकलाइटचा अखंड रेझर मिळणं हे धातूच्या रेझरपेक्षा अवघड. मिळालाच तर मूठ जोराने आवळायची नाही, आटे तुटतात. दिसायला तो मामुली असतो आणि म्हणूनच अनेक संग्राहक त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. मला मात्र सोन्याच्या मुलाम्याच्या संचापेक्षा असा रेझर युद्धाबद्दल जास्त सांगतो.

१९४२ मध्ये अमेरिकेच्या युद्धोत्पादन मंडळाने जिलेटला सगळे रेझर आणि बहुतेक पाती सैन्यासाठीच राखायला सांगितलं. युद्ध संपेपर्यंत सैनिकांना १.२५ कोटी रेझर आणि १५० कोटी पाती दिली गेली. घरी राहिलेल्या लोकांना पातं जपून वापरावं लागे. काचेच्या पेल्याच्या आतल्या बाजूला दोन बोटांनी दाबून पातं मागेपुढे फिरवलं की धार थोडी सुधारते. ब्रिटनमध्ये घरोघर हा उपाय चालत होता. पात्याला धार लावणारी छोटी यंत्रंही विकली जात. ‘रोल्स रेझर’ला याच काळात मोल आलं, कारण त्याचं पातं जाड, कायमचं. डबीच्या एका झाकणात दगड, दुसऱ्यात चामडं, आणि मूठ मागेपुढे सरकवली की दोन्हीकडे धार लागे. तो आजही चालू स्थितीत सापडतो. वजनदार आहे, गळ्याच्या वळणावर अवघडतो, पण बनवणाऱ्यांची कारागिरी पाहावी तर त्याच्यातच.

रेझर दाढीशिवायही कामाला आला. शत्रूच्या प्रदेशात अडकलेल्या सैनिकांना निसटायला मदत करण्यासाठी ब्रिटनने डिसेंबर १९३९ मध्ये एमआय-९ हा विभाग उभारला. तिथे क्रिस्टोफर क्लेटन हटन हा कल्पक माणूस होता. त्याने दाढीची पाती चुंबकीय करून घेतली. पातं मधोमध दोऱ्याला टांगलं की ते उत्तर-दक्षिण स्थिरावे, आणि त्यावरच्या नावातलं पहिलं अक्षर उत्तरेकडे राही. कैद्याकडे दाढीचं पातं सापडलं तर पहारेकऱ्याला संशय कसा येणार? पोकळ मुठींमध्ये छोटं होकायंत्र लपवलं गेलं. जिलेटने अमेरिकन सैन्यासाठी मुठीत निसटण्याचं साहित्य आणि पुठ्ठ्याच्या डबीत नकाशे दडवलेले संच बनवले. जर्मनीत जाणाऱ्या हेरांसाठी जर्मन रेझरच्या हुबेहूब नकलाही बनवल्या. आंघोळीच्या सामानात अमेरिकन रेझर निघाला तर वेशांतर तिथेच उघडं पडलं असतं.

पोकळ मुठीचा रेझर बाजारात ‘हेराचा रेझर’ म्हणून विकायला येतो, तेव्हा सावध राहावं. बहुतेक मुठी पोकळच असत, धातू वाचवण्यासाठी. खऱ्या गुप्त मुठीला उघडणारं झाकण असतं.

१९४४ मध्ये इटलीतल्या आंझिओ इथे समुद्रकिनाऱ्याच्या अरुंद पट्टीत दोस्त सैन्य महिनोन्महिने अडकून पडलं होतं. तिथल्या सैनिकांनी पात्याचा रेडिओ केला. लाकडी फळीवर तारेचं वेटोळं, एक निळसर पातं, सेफ्टी पिनच्या टोकाला बांधलेलं पेन्सिलचं शिसं, आणि एक इअरफोन. पात्याच्या पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर आणि शिसं यांचा हलका स्पर्श झाला की वीज एका दिशेला जास्त सहज वाहते, आणि रेडिओलहरींतून आवाज वेगळा काढायला तेवढं पुरतं. बॅटरी लागत नाही. शिवाय काही नेहमीच्या रेडिओतून बाहेर पडणाऱ्या लहरींवरून शत्रूला सुगावा लागू शकत असे, तसा यातून लागत नाही. रात्री खंदकात बसून ही पोरं रोमहून येणारं संगीत ऐकत. मुलांना शाळेत शोधकशक्तीबद्दल काही शिकवायचं असेल तर हा प्रयोग करून दाखवावा. पातं मात्र मोठ्या माणसानेच हाताळावं.

आता दाढीकडे. कपाटात ठेवलेला रेझर अर्धाच कळतो. तो गालावर फिरवल्याशिवाय त्याच्या रचनेमागचा विचार लक्षात येत नाही, आणि सुदैवाने तो फिरवता येतो. १९०४ च्या जिलेट रेझरमध्ये आज किराणा दुकानात मिळणारं दुधारी पातं बसतं. शंभराहून जास्त वर्षं एखादा सुटा भाग मिळत राहावा, अशी रोजच्या वापरातली यंत्रं फार थोडी आहेत.

आधी स्वच्छता. जुन्या रेझरवरचा पांढरट थर हा साबण आणि कठीण पाण्यातले क्षार यांचा असतो. कोमट पाणी, भांडी घासायचा सौम्य साबण आणि मऊ टूथब्रश एवढ्याने बहुतेक निघतो. उकळतं पाणी, आम्ल, चिंच, पितांबरी, सगळं वर्ज्य. पितळेची समई चिंचेने उजळते, पण मुलामा असलेल्या रेझरचा मुलामाच निघून जातो. ॲल्युमिनियमचे भाग साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवले तर काळे पडतात. शेवटी स्पिरिटमध्ये थोडा वेळ बुडवून निर्जंतुक करावा. बेकलाइटला मात्र स्पिरिट लावू नये, साबणाचं पाणी पुरे. हिरवा गंज दात आणि पट्टी यांच्या सांध्यात असेल तर लाकडी टूथपिकने काढावा, लोखंडी सुईने नव्हे.

युद्धकाळातल्या पात्यांनी दाढी करायची नाही. ती साध्या कार्बन पोलादाची आहेत, वेष्टनातही गंजतात. स्टेनलेस पाती बाजारात पसरली ती विल्किन्सन सोर्डने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणल्यावर. जुन्या पात्याची न फोडलेली पुडी तशीच ठेवावी. तिच्यावरचा छापील कागद हाच तिचा ऐवज.

आता बारकावा. सुरुवातीची पाती साधारण ०.१५ मिलिमीटर जाड होती. आजची ०.१० मिलिमीटर असतात. जुना कंगवा जाड पात्यासाठी आखलेला आहे, त्यामुळे आजचं पातं त्यात थोडं आत बसतं आणि रेझर अपेक्षेपेक्षा मवाळ वाटतो. जाणकार लोक जुन्या पात्याच्या धारेचा भाग कापून, उरलेली पट्टी नव्या पात्याखाली घालतात. दोन पत्रे मिळून मूळची जाडी भरून निघते आणि १९१८ च्या सैनिकाला जसा कापणारा रेझर मिळाला होता तसा मिळतो. पहिल्या दिवशी हे करू नये. आधी नुसत्या पात्याने हात बसवावा.

दाढी गरम पाण्याने मऊ करावी, किंवा अंघोळ झाल्यावरच बसावं. साबणाचा फेस ब्रशने दाट करावा. डब्यातला तयार फेस कंगव्याच्या दातांमधून नीट जात नाही. दातेरी कंगव्याचं बलस्थान हेच की दोन-तीन दिवसांचे खुंट आणि भरपूर फेस दातांच्या फटींतून निघून जातात आणि पातं तुंबत नाही. खंदकात दाढी करणं जमलं नाही, तर चार दिवसांनी मागे आलेल्या सैनिकाला हेच हवं असे. सलग पट्टीच्या ‘टेक’चा स्वभाव वेगळा. रोजच्या रोज करणाऱ्याला तो शांतपणे काम देतो. नवशिक्याने सुरुवात करावी ती त्यानेच.

टोपाचा माथा गालाला टेकवून मूठ हळूहळू खाली आणावी. पातं केसाला भिडलं की किर्र असा बारीक आवाज येतो. तोच कोन धरून ठेवायचा, साधारण ३० अंशांचा. दाब अजिबात द्यायचा नाही. रेझरचं स्वतःचं वजन पुरतं. प्लास्टिकच्या तीन-चार पात्यांच्या रेझरने लागलेली दाबून ओढण्याची सवय इथे रक्त काढते. आखूड आखूड फटके, आधी केसांच्या दिशेने, मग फेस पुन्हा लावून आडवे. गळ्यावरचे केस अनेकांचे तिरके किंवा उलटे वाढतात, तेव्हा आदल्या दिवशी बोट फिरवून दिशा बघून ठेवावी. नाकाखाली टोप अडतो, तिथे ओठ दातांवर ताणून घ्यावा. शेवटी थंड पाणी, मग तुरटी. तुरटीचा खडा ओल्या चेहऱ्यावर फिरवला की जिथे दाब जास्त पडला तिथे झोंबतं, आणि उद्या हात कुठे हलका ठेवायचा ते समजतं.

बेकलाइटच्या रेझरने दाढी करताना हे जास्तच जाणवतं. त्याला वजनच नाही, म्हणून हात नकळत दाब देऊ लागतो. १९४२ च्या लंडनमध्ये माणसं अंधाऱ्या न्हाणीघरात, गेल्या महिन्यापासून चालवलेल्या पात्याने, असल्या रेझरने दाढी करून कामावर जात होती. जड पितळी रेझरची सवय झाल्यावर एकदा हा घ्यावा, म्हणजे पितळ काडतुसांकडे गेल्यावर रोजच्या जगण्यातून काय काय गेलं ते हाताला कळतं.

दाढी झाल्यावर रेझर सुटा करून तिन्ही तुकडे धुवावेत, पुसावेत, आणि पातं काढून सुकलेला रेझरच डबीत ठेवावा. ओला रेझर बंद डबीत ठेवला की आतलं मखमली अस्तर ओल धरतं आणि मुलाम्याखालून गंज सुरू होतो. जुनी चामडी पिशवी तर नुसती पाहायला ठेवावी, तिच्यात रोजचा रेझर घालू नये.

वापरलेल्या पात्यांची सोय आधीच करावी. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघरातल्या औषधाच्या कपाटात मागच्या बाजूला एक फट असे. तिच्यातून पातं टाकलं की ते भिंतीच्या पोकळीत पडे. घर पाडताना कामगारांना पात्यांचे ढीग सापडतात. आपल्याकडे कचरा हाताने वेगळा करणारी माणसं आहेत, तेव्हा सुटं पातं कधीही टाकू नये. पत्र्याच्या एखाद्या बंद डब्याच्या झाकणाला पातं जाईल एवढी चीर पाडावी. असा डबा भरायला वर्षं लागतात. भरला की चीर चिकटपट्टीने पक्की बंद करावी, वर ठळक अक्षरांत ‘धारदार पाती’ लिहावं, आणि कचरा न्यायला येणाऱ्या माणसाच्या हातात सांगून द्यावा.